वाईट स्वप्न सांगायचं नसतं

वाशिम जिल्ह्यात जाते म्हटल्यावर आमच्या साताऱ्याच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी विचारलं, "तिकडं काय आहे बघायला?" मी म्हटलं, "बघायला नाही, विचारायला चाललेय." त्यांना ते काही पटलं नाही. परत येऊन आता तीन महिने झालेत. अजून कुणी 'तिकडं काय आहे' म्हटलं की माझ्या तोंडाला एकदम कुलूप लागतं, आणि एरवी मी गप्प बसणारी बाई नाही. म्हणून म्हटलं लिहावं.

आधी कामाचं सांगते. मी बत्तीस वर्षं फार्मसी कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाले. माझी एक जुनी विद्यार्थिनी, डॉक्टर मेधा, पुण्यात हात थरथरण्याच्या आजारावर अभ्यास करतेय. वय झालं की कित्येकांचे हात थरथरतात. चहाची कपबशी वाजते, सुईत दोरा जात नाही, आणि आपण म्हणतो, वय झालं, चालायचंच. मेधाच्या अभ्यासात काही जणांना एक जुनी, स्वस्त गोळी देतात. ती एरवी ब्लड प्रेशरला आणि छातीच्या धडधडीला देतात, पण तिनं हातही थांबतो. दुसऱ्या काही जणांना गोळी न देता मनगटाला बांधायचा एक वजनदार पट्टा देतात. हात जड झाला की थरथर कमी होते का, ते बघायचं. मोठमोठ्या डॉक्टरांनी या पट्ट्याला नाकं मुरडली होती. पण मेधा कॉलेजात असल्यापासून हट्टी.

माझं काम एवढंच की घरोघर जायचं, हात बघायचे, उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे. सातवा प्रश्न होता, 'उपचारामुळे काही त्रास? असल्यास वर्णन करा.' मला वाटलं, आठवड्याचं काम, त्यात काय एवढं! माझा स्वभावच असा, आधी 'त्यात काय एवढं' आणि मग कपाळाला हात.

अनसिंग

वाशिमहून सकाळी निघाले तेव्हा रस्ता नव्हताच. पौषातलं धुकं शेतांवर असं बसलं होतं की बांधावरची बाभूळ आधी दिसायची आणि तिच्याखालची जमीन मागाहून. तुरीच्या कापलेल्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, त्या जवळ येईपर्यंत माणसंच वाटत होती. मी एकीला हात करून रस्ता विचारणार होते, तेवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "बाई, थे तूर आहे." मी हात खाली घेतला आणि पदर सारखा केला.

अनसिंगला गावाबाहेर महादेवराव माळ्यांचा भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, मिरची. माणूस सत्तरीचा, मिशा पांढऱ्या, आणि अभ्यासात पट्ट्याच्या गटातला. नमस्कार करता करता मी मनगटाकडं बघितलं, तर मनगट रिकामं.

"काका, पट्टा कुठाय?"

"आहे न बाई! रोज वापरतो."

त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. मी इकडं तिकडं बघते तो काय, झाडाखाली भाजीचा तराजू टांगलेला, आणि एका पारड्यात मेधाचा तो लाडका पट्टा!

"पाव किलोचं वजन हरपलं होतं," महादेवराव शांतपणे म्हणाले. "हा काट्यात टाकून पाह्यला, त बरोबर पाव भरला. एक मिरची इकडं ना तिकडं."

मला आधी राग आला. मग हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. "अहो, पण हात?"

त्यांनी हात पुढं केला. बोटं थोडी हलत होती, पण मागच्या नोंदीपेक्षा निम्म्यानंही नाही. "दिवसभर काटा धरून राह्यलो, हात जड होतेच न. तुमी बांधा म्हन्लं, मी धरतो. कायले दोन दोन खेप?"

आता हे फॉर्मवर कुठं लिहायचं? 'पट्टा वापरतात का' याच्यापुढं 'होय' आणि 'नाही' एवढे दोनच चौकोन होते. मी दोन्हीवर खुणा केल्या आणि फॉर्मच्या मागं सगळं लिहून काढलं.

काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल. सोबत ज्वारीची भाकरी. मी आपलं सहज म्हटलं, आमच्याकडं यात दाण्याचं कूट घालतात. काकू हातातली भाकरी थापायची थांबल्या. "कूट? भरतात? अव माय!" त्यांना माझी मनापासून कीव आली असावी, कारण त्यांनी मला आणखी एक डाव भरीत वाढलं.

मंगरूळपीर

दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दोन पायऱ्या चढून जुबेदा आपांचं बांगड्यांचं दुकान आहे. दुपारचं ऊन तिरपं आत येतं आणि भिंतीवरच्या नळ्यांमधल्या काचेच्या बांगड्यांतून जमिनीवर सांडतं. हिरवं, जांभळं, मोरपंखी. मी चपला काढून आत पाय ठेवला आणि क्षणभर पाय कुठं ठेवावा तेच कळेना. रंगांवर पाय देववत नव्हता. आपा हसल्या. "या बाई, थे बांगड्या नाईत, ऊन आहे."

आपा गोळीच्या गटात. वय चौसष्ट, डोक्यावर ओढणी, डोळे भुरे. चाळीस वर्षं त्यांनी गावोगावच्या बायकांना बांगड्या भरल्या. मागच्या पावसाळ्यापासून हात थरथरायला लागले, म्हणून अभ्यासात नाव दिलं. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात हात जवळजवळ थांबले होते, तशी नोंद माझ्याकडं होती. पण आज त्यांनी हात पुढं केला तर बोटं मनसोक्त नाचत होती.

"गोळी घेता ना आपा?"

"खातो न. रोज झोपताना."

इकडं बायकाही स्वतःला 'खातो, जातो' म्हणतात. पहिल्या दिवशी मला गंमत वाटली होती, तिसऱ्या दिवशी मीच 'येतो हं' म्हणायला लागले.

मी डबी ओतून गोळ्या मोजल्या. जेवढ्या उरायला हव्यात तेवढ्याच उरल्या होत्या, एक कमी नाही की जास्त नाही. सातवा प्रश्न विचारला.

"काहीच तरास नाही बाई. अल्लाचा करम."

मग मी नाडी बघितली. इथं मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. ही गोळी नाडी मंद करते, हे मी बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आपांची नाडी धावत होती, मध्येच ठेचकाळत होती. रोज गोळी घेणाऱ्या माणसाची नाडी अशी नसते. मध्येच घेणाऱ्या आणि मध्येच सोडणाऱ्याची असते, आणि त्या वयाला ते जिवावर बेतू शकतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात एक नवी नवरी आली, जवळच्या खेड्यातली, सासूबरोबर. आपांनी तिचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा उंचवटा दाबला, पहिली बांगडी चढवली. दुसरी. तिसऱ्या वेळी हात हलला आणि बांगडी तिच्या बोटांवरच तडकली.

"वाढली," सासू हळूच म्हणाली. फुटली असं म्हणायचं नसतं, हे आमच्याकडंही तसंच.

चौथीही वाढली. नवरीच्या बोटावर रक्ताचा बारीक ठिपका आला. मग आतून आपांची सून शबाना आली, सासूकडं न बघता तिनं तो हात आपल्या हातात घेतला आणि बाकीच्या भराभर भरून दिल्या. जाताना नवरीनं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. तो शबानाला केला.

आपा जमिनीवरच्या काचा गोळा करत बसल्या. त्या गोळा करतानाही हात थरथरत होता. "गाववाल्या बाया मले या हातानं ओळखतात," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "हात गेला, त मी कोन आहे सांगा बरं?"

मी खाली बसून त्यांच्याबरोबर काचा वेचायला लागले. नाडीचं बोलायचं राहूनच गेलं.

मानोरा

मानोऱ्याजवळच्या तांड्यावर पोचले तर निम्म्या घरांना कुलपं. माणसं ऊसतोडीला गेली होती. अंगणात कोंबड्या आणि ऊन, आणि कुठूनतरी रेडिओ. इतकं शांत की मला आपण स्वतःच कुणाच्या तरी आठवणीत आल्यासारखं वाटत होतं.

धनीबाई उंबऱ्यावर बसून कापडाला आरसे टाकत होत्या. कोपराच्या वर दंडभर पांढऱ्या जाड बांगड्या, आणि हात असा स्थिर की सुई आपोआप चालल्यासारखी. त्याही गोळीच्या गटातल्या. मी सातवा प्रश्न विचारला.

"काही तरास नाही."

"बरं," म्हणून मी खूण केली. फॉर्म मिटताना, काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पोरं गेली, करमत नसेल."

"करमते की! रोज जाऊन येतो." धनीबाई हसल्या. "गोळी खाल्ली का सपन पडते. बाप्पा बाप्पा, काय सपन! रंगीत. पोराच्या पालावर जातो, नातवाले खेळवतो, सुनेच्या हातचा चहा पेतो. ना बस, ना तिकीट. थो चहा गरम राह्यते बाई, जीभ पोळते!"

मी फॉर्म परत उघडला. "अहो, मग आत्ता त्रास नाही म्हणालात?"

"तुमी तरास इचारला," त्या माझ्याकडं जरा दयेनंच बघून म्हणाल्या. "सपन का तरास आहे?"

या गोळीनं काही जणांना फार ठसठशीत स्वप्नं पडतात, हे पुस्तकात आहे. मी ते शिकवलंय, पोरांनी घोकलंय, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. आणि आख्ख्या फॉर्मवर 'स्वप्न' हा शब्द नव्हता. मी तिथूनच मेधाला फोन लावला. "अगं, आपला प्रश्नच चुकलाय." पलीकडं फॉर्म चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मॅडम, आपण दोघींनी मिळून चुकवलाय."

धनीबाईंनी गुळाचा कोरा चहा दिला. मी तो पिताना मनात सारखी जुबेदा आपांची नाडी चालू होती.

परत मंगरूळपीर

दुसऱ्या दिवशी ठरलेलं नसताना मंगरूळला गेले. आपा दुकानात एकट्याच होत्या. मी बसले आणि घाई केली, तेच चुकलं.

"आपा, तुम्हाला स्वप्नं पडतात का हो?"

त्यांचा चेहरा असा बंद झाला की जणू कुणी दुकानाचं शटर ओढलं. "नाही," म्हणाल्या, उठल्या आणि आत निघून गेल्या.

शबानानं पाणी आणून दिलं. हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमी असं काहून इचारलं? वाईट सपन कोनालेच सांगत नाईत आमच्यात. सांगलं का थे खरं होते. उठून डावीकडं थुंकाचं, कूस बदलाची, आनि गप राहाचं."

"आणि चांगलं पडलं तर?"

"चांगलं बी सर्‍यायले नाई सांगत. ज्याच्यावर जीव आहे, त्यालेच सांगाचं."

म्हणजे वाईट स्वप्न कुणालाच नाही, आणि चांगलं फक्त जिवाभावाच्या माणसाला. माझ्यासारखी फॉर्मवाली बाई कुठंच बसत नव्हती. शबाना जाता जाता म्हणाली, "कुलसुम खाला गेल्या पावसाळ्यात वारल्या. अम्मीची धाकटी बहीण. समोरच राहत होत्या. दर ईदेले अम्मीच्या हातानंच बांगड्या भरत. तवापासून अम्मी अशी आहे."

मी दर्ग्याच्या आवारात जाऊन बसले. कडुनिंबाची सावली, थंडीतलं कोवळं ऊन, कबुतरांचं घुमणं. कुणी लोभान लावून गेलं होतं, त्याचा धूर हळूहळू वर चढत होता आणि मध्येच विचार बदलल्यासारखा बाजूला वळत होता. मला तिथं बसल्या बसल्या डुलकी लागली. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा मांडीवर फॉर्म होता आणि त्यावरचे दोन शब्द वर आले होते: 'वर्णन करा'. मला स्वतःचाच राग आला. सांगितलं तर खरं होईल, या भीतीनं जी बाई महिनोन् महिने गप्प आहे, तिला मी म्हणतेय, वर्णन करा!

मी परत गेले. काही विचारलं नाही. आपांच्या समोर बसून हात पुढं केला. "मला बांगड्या भरा. हिरव्या."

"हात थरथरते बाई. सुनेले बोलावतो."

"मला तुमच्याच हातच्या हव्यात. मला कुठं गाडी पकडायचीय?"

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी माझा तळवा घेतला, अंगठ्याखाली दाबत दाबत हात मऊ केला. आईनं लहानपणी तेल लावताना हात धरावा तसा. पहिली बांगडी गेली. दुसरी वाढली. माझ्या बोटाला काच लागली, मी 'हं' म्हणून हसले. हिरव्यातल्या माझ्या मापाच्या संपल्या, म्हणून आपांनी मागचा पत्र्याचा डबा ओढला. गवताच्या काड्या बाजूला केल्या. आणि थांबल्या.

काड्यांखाली कागदाची पुडी होती, सुटलेली. आत पांढऱ्या गोळ्या. बऱ्याच.

मी एक उचलून बघितली, अभ्यासातलीच गोळी.

"फेकू कशी?" आपा म्हणाल्या. "दवाई आहे. खुदाची देन आहे." मग एकदम कळवळून, "मले काढून टाकसान का बाई? पुन्याहून नाव कापतीन?"

"नाव कुणी कापत नाही," मी म्हटलं. "आपा, ऐका. मला स्वप्न सांगू नका. अजिबात सांगू नका. मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. पडतं का?"

मान हलली.

"ज्या दिवशी गोळी घेता, त्या दिवशी?"

पुन्हा हलली.

"म्हणून सोडता. मग हात थरथरतो, म्हणून परत घेता."

त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांचा हात घट्ट धरला. "आपा, ते स्वप्न गोळीतून येतं. पुस्तकात लिहिलंय. कित्येकांना पडतं."

"गोळीतून?" त्यांनी वर बघितलं. "म्हंजे… थे कुलसुमकडून नाई येत? थे नाराज नाई माह्यावर?"

"नाही आपा."

"खुदाची कसम?"

"माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीची शपथ," मी म्हटलं. त्या घडीला माझ्याजवळ तेवढीच होती.

आपा रडल्या. मोठ्यानं, ओढणी तोंडावर घेऊन. शबाना धावत आली आणि दारातच थांबली. मीही रडले, उगाच कशाला खोटं सांगू.

मग फोनाफोनी. मेधानं आधी ईसीजी काढायला सांगितला, तो त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात निघाला. नाडी सोडली तर बाकी ठीक होतं. मग ठरलं की गोळी निम्मी करायची, आणि झोपताना घ्यायची ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची. मात्र मनानं बंद करायची नाही. शबानानं ते सगळं तीनदा म्हणून दाखवलं.

मी फॉर्मच्या तळाशी हातानं नवा रकाना आखला. 'स्वप्न: पडतं. वर्णन: विचारलं नाही. सांगायचं नसतं.' मेधानं तो वाचून कुरकुर केली, म्हणाली, "मॅडम, ही काय नोंद झाली?" मी म्हटलं, "माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी." तिनं ती ठेवली. त्या दिवशी एका हातात सात आणि दुसऱ्यात चार हिरव्या बांगड्या घालून मी गाडीत बसले. बाकीच्या वाढल्या.

सातारा

परत आल्यावर दीड महिन्यानं, दुपारी मी डाळ निवडत होते, तेव्हा फोन वाजला.

"बाई, जुबेदा बोलून राह्यली. पुन्यावाल्या म्याडम येऊन गेल्या, हात पाहून गेल्या. काल दोन नवऱ्या झाल्या माह्या हातानं."

"वाढली का एखादी?"

"एक वाढली. तेवढी त जवानीत बी वाढत होती." त्या हसल्या. "बाई, पहाटे सपन पडलं."

सवयीनं मी पेन शोधायला लागले. "थांबा हं आपा, सांगू नका, मी फक्त विचारते…"

"लिहू नका. आयका." आवाज एकदम हलका झाला होता. "कुलसुम आली होती. तशीच बसली समोर, हात पुढं करून. मी डझनभर भरल्या तिच्या हातात. या खेपेस एक बी नाई वाढली. हात उचलून खनखन वाजवून दाखवला तिनं, आनि हसली."

इतके महिने स्वप्नात त्याच हातात बांगड्या वाढत होत्या, ते तेव्हा मला कळलं. मी पेन शोधायचं सोडून दिलं.

"बाई? आयकून राह्यल्या ना?"

"ऐकतेय आपा."

"चांगलं सपन कोनाले सांगाचं असते, शबानानं सांगलं होतं न तुमाले?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतं."

"मंग झालं," आपा म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.